ताप अंगावर काढून पटावर बसू नये

दुखणे अंगावर काढणे ही आपल्या घरांतली जुनी सवय आहे. बिगारी काम करणारा माणूस कणकण आली म्हणून घरी बसत नाही. बसला तर त्या दिवसाचा खाडा पडतो. लोणावळ्यात चिक्कीची पाकिटे भरणारी बाई डोके बांधून कामावर जाते. तळेगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कंत्राटी कामगार आधी पगारातली कपात मोजतो आणि मग अंगातला ताप मोजतो. हे आम्ही कुणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आम्हीही त्यांच्यातलेच आहोत. पण ही सवय आपण काही न बोलता मुलांच्याही अंगी लावतो. ती मुलांना कशी भोवते हे आम्हाला गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बुद्धिबळाच्या पटावर पाहावे लागले. चूक आमची होती. ती आज वाचकांपुढे मांडतो.

आमची धाकटी सातवीत होती. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पडवीत संध्याकाळी आठदहा मुले पट मांडून बसतात. त्यांच्यात ही खेळायला शिकली आणि बघता बघता मोठ्या मुलांना हरवू लागली. पुण्यात एक दिवसाची स्पर्धा होती, रविवारी, सात फेऱ्यांची. प्रवेश फी महिनाभर आधी भरली होती. त्या रविवारी आम्हाला ओव्हरटाइम मिळत होता, तो सोडला. सोडला ते सोडला, वर घरात दोनदा बोलूनही दाखवले, "पोरीसाठी ओव्हरटाइम सोडला." बोलताना अभिमान वाटत होता. ते शब्द कुणाच्या मनावर जाऊन बसतील याचा विचार केला नाही.

शनिवारची रात्रपाळी करून आम्ही पहाटे घरी आलो, अंघोळ केली आणि तिला घेऊन लोकल पकडली. बाहेर धो धो पाऊस. मळवली गेले, कामशेत गेले, पोर खिडकीच्या गजाला डोके टेकून गप्प. मनात डाव आठवत असेल, असे आम्ही धरून चाललो आणि डोळे मिटले. ते उघडले तेव्हा देहूरोड मागे पडले होते.

पहिले तीन डाव ती जिंकली. दुपारी डबा उघडला तर भाकरीचा तुकडा मोडेना, नुसते पाणी प्यायली. चौथा डाव हरली. पाचव्या डावात तिच्याकडे वजीर आणि राजा, समोर एकटा राजा. ही मात तिला झोपेतसुद्धा देता येते. पण तिने वजीर एक घर जास्त पुढे नेला. समोरच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. पंच आले, पट पाहिला, डाव बरोबरीत सुटला. सहावा आणि सातवा डाव तिने जणू लवकर संपवण्यासाठीच खेळला.

परतीच्या गाडीत शिवाजीनगर सोडल्यावर तिचा हात आमच्या हाताला लागला. चटका बसावा इतका गरम.

"कधीपासून आहे हे?"

"काल रात्रीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पप्पा, तुम्ही ओव्हरटाइम सोडला होता ना."

वडगाव येईपर्यंत आम्हाला बोलायला शब्द सापडला नाही. पोरीने ताप लपवला होता तो खेळाच्या हौसेने नव्हे. आपल्या बापाचा एका दिवसाचा पैसा बुडू नये म्हणून. बारा वर्षांच्या पोरीने खाड्याचा हिशेब केला होता, आणि तो आमच्याकडूनच शिकली होती.

डॉक्टरांनी साधा ताप सांगितला. पाच दिवस शाळा बुडाली, एवढ्यावर निभावले. पण त्या पाच दिवसांत तिच्या उशाशी बसून आम्ही पुष्कळ विचार केला.

बुद्धिबळात धावायचे नसते, उचलायचे नसते, खुर्चीवर बसून खेळायचे असते. म्हणून आजारी माणसालाही तो चालतो, असा आपला समज. हा समज चुकीचा आहे. कबड्डीत अंगात ताप असला तर पाय लटपटतात आणि ते सगळ्यांना दिसते. बुद्धिबळात जे लटपटते ते कुणाला दिसत नाही. पुढच्या तीनचार चाली मनात धरून ठेवायच्या, त्यांतली एक टाकायची, दुसरी तपासायची, हे काम ताप आणि अपुरी झोप सगळ्यांत आधी बिघडवतात. पाठ केलेली सुरुवात आजारी मुलालाही खेळता येते. म्हणून पहिले डाव जिंकले की घरचे म्हणतात, "बघा, काही झालेले नाही." पण प्रत्येक चालीआधी "आता समोरचा काय करील?" हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. थकलेले डोके तो प्रश्नच टाळते. त्याला एकच हवे असते, हे एकदाचे संपावे. आमच्या पोरीला वजिराची मात येत नव्हती असे नाही. समोरच्या राजाला एक घर मोकळे आहे ना, एवढे पाहण्याचे त्राण उरले नव्हते.

मग मोठे खेळाडू काय करतात? त्यांनाही ताप येतो, त्यांचीही झोप मोडते. आम्ही जे वाचले त्यातून एक गोष्ट लक्षात आली. चांगला खेळाडू आपली दमछाक लपवत नाही. तो ती सांगतो आणि तिची सोय लावतो.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख घ्या. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे ती महिलांचा विश्वचषक खेळत होती. उपांत्य फेरीत समोर चीनची माजी विश्वविजेती तान झोंगयी. दुसरा डाव १०१ चालींपर्यंत गेला. तो जिंकून बाहेर आल्यावर १९ वर्षांच्या या मुलीने मोठ्या गोष्टी केल्या नाहीत. आता झोप हवी आणि जेवण हवे, अशा अर्थाचेच ती बोलली. अंतिम फेरीत तिने कोनेरू हम्पीला २८ जुलै रोजी जलद डावांत हरवले, चषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. जगासमोर "मला झोप हवी" म्हणायला तिला कमीपणा वाटला नाही. मग आपल्या पोरांना आपल्याच घरात का वाटावा?

दुसरे उदाहरण २०२२ सालचे. चेन्नईजवळ महाबलीपुरमला बुद्धिबळ ऑलिम्पियाड होते. भारताच्या महिला संघातील द्रोणवल्ली हरिका त्या वेळी नवव्या महिन्याची गरोदर होती. गरोदरपण हा आजार नव्हे, पण त्या दिवसांत तासन्तास खुर्चीवर बसणे काय असते हे आपल्या बायाबापड्यांना सांगायला नको. ती डॉक्टरांना विचारून खेळली. संघाचे प्रशिक्षक होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. अशा स्पर्धेत संघ पाच जणींचा असतो आणि पटावर चौघी बसतात, म्हणजे एकीला विसावा देण्याची सोय नियमातच असते. त्या पाच जणींत गोव्याची भक्ती कुलकर्णीही होती. संघाने कांस्यपदक मिळवले. सगळ्यांना माहीत होते, सगळ्यांनी सांभाळले, म्हणून ते जमले. तीच गोष्ट हरिकाने लपवली असती तर त्याला आपण धैर्य म्हटले असते का?

विश्वनाथन आनंद यांचे तर प्रसिद्धच आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमाने बंद पडली. विश्वविजेतेपदाचा सामना बल्गेरियात सोफियाला, आणि आनंद अडकले जर्मनीत फ्रँकफर्टला. शेवटी मोटारीने सुमारे ४० तासांचा प्रवास करून ते पोहोचले. त्यांनी सामना तीन दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली, मिळाला एकच दिवस. पहिल्या डावात घरी तयार केलेल्या चालींच्या क्रमात त्यांची गल्लत झाली आणि ते हरले. जगज्जेत्याचीही पाठ केलेली गोष्ट अशी निसटते. दुसरा डाव त्यांनी जिंकला आणि ११ मे रोजी बारावा डाव जिंकून सामना साडेसहा-साडेपाच असा घेतला. पण आधी "आम्ही थकलो आहोत, वेळ द्या" असे त्यांनी मागून पाहिले होते. मागितल्याने कुणी लहान होत नाही.

आता जो आजारी असताना बसला त्याची गोष्ट. लाटव्हियाचा मिखाईल ताल १९६० मध्ये मिखाईल बोटविनिकला हरवून विश्वविजेता झाला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी परतीचा सामना होता. तालला मूत्रपिंडाचा विकार होता. सामना पुढे ढकलावा असा डॉक्टरांचा सल्ला होता, तरी तो खेळायला बसला. १३ विरुद्ध ८ अशा गुणांनी हरला आणि विजेतेपद गेले. बोटविनिकची तयारीही जबर होती, त्याचे श्रेय कमी करू नये. पण आजारी ताल हा निम्माच ताल होता. १९६२ मध्ये कुरासाव बेटावरच्या मोठ्या स्पर्धेत दुखणे पुन्हा उलटले. या वेळी त्याने स्पर्धा अर्धवट सोडली आणि रुग्णालयात भरती झाला. स्पर्धा सोडली म्हणून ताल संपला का? नाही. पुढे त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले, आणि त्यानंतरही १९७३-७४ मध्ये तो सलग ९५ डाव न हरता खेळला. १९८८ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, झटपट डावांचा विश्वविजेता झाला. एक स्पर्धा सोडल्याने खेळ संपत नाही.

आणि थकवा किती खरा असतो याची साक्ष हवी तर १९८४ चा कार्पोव-कास्पारोव सामना आहे. सहा डाव आधी जिंकेल तो विजेता, डावांना मर्यादा नाही, असा नियम होता. सप्टेंबरात सुरू झालेला सामना फेब्रुवारी उजाडला तरी संपेना. ४८ डाव झाले, त्यांतले ४० बरोबरीत. कार्पोवचे वजन उतरलेले डोळ्यांना दिसत होते. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी खेळाडूंच्या थकव्याचे कारण देऊन सामना थांबवला. त्या निर्णयावर वाद पुष्कळ झाले. पण त्यांचा पुढचा सामना २४ डावांपुरता ठेवला गेला. माणसाच्या अंगातल्या बळापुढे नियमालाही वाकावे लागले.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी मधुमेह आणि पायांच्या वेदना सोसून रात्र रात्र लिहिले, तो आदर्श मुलांपुढे ठेवायचा नाही का? जरूर ठेवावा. पण पुरता ठेवावा. बाबासाहेबांनी दुखणे लपवले नाही. ते डॉक्टरांकडे गेले, औषधपाणी घेतले, पथ्य सांभाळायचा प्रयत्न केला. ते जाणते होते आणि कोणत्या कामासाठी झिजायचे हे त्यांनी स्वतः ठरवले होते. सातवीतल्या मुलाने एका करंडकासाठी ताप लपवणे ही त्यांची शिकवण नव्हे. एक रविवारचा डाव म्हणजे समाजाचे कार्य नव्हे, हा फरक आपणच मुलांना सांगायचा आहे.

आता जे शिकलो ते मोजक्या शब्दांत सांगतो. आपली मुले स्पर्धांना जात असतील तर उपयोगी पडेल.

पहिले, ताप, उलटी, जुलाब यांपैकी काहीही असले तर मुलाला नेऊ नये. हा नियम घरात आधीच ठरवून टाकावा, म्हणजे त्या सकाळी वाद होत नाही. शिवाय त्या सभागृहात शेकडो मुले तीच सोंगटी हाताळतात, एकमेकांशी हात मिळवतात. आपला ताप दुसऱ्याच्या घरी पाठवायचा आपल्याला काय अधिकार?

दुसरे, ताप नाही, नुसता थकवा आहे, तर खेळता येते. पण खेळ त्या बेताने ठेवावा. सरळ, माहितीच्या सुरुवाती खेळाव्यात. प्रत्येक चालीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: शह आहे का, काही मारले जाते का, आपल्यावर काय येते. डाव जिंकत आला की उलट जास्त सावकाश खेळावे, कारण थकलेला खेळाडू तिथेच घाई करतो. आपली चाल झाली की उठून तोंड धुऊन यावे. बरोबरी मागणे किंवा स्वीकारणे यात लाज नाही. मात्र जिंकलेला डाव कंटाळून सोडू नये.

तिसरे, झोप. लोणावळा, कामशेत, पवन मावळातून सकाळच्या फेरीला पुण्यात पोहोचायचे म्हणजे पोर पहाटे उठणार. मग ते आदल्या रात्री नऊला अंथरुणात हवे. त्या रात्री मोबाइलवरचे झटपट डाव पूर्ण बंद. डब्यात भाकरी-भाजी, केळे, शेंगदाणे आणि पाण्याची बाटली असावी. तळलेले पोटभर खाल्ले की दुपारच्या फेरीत डोळे मिटतात.

चौथे, गोळ्या. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी आणि खोकल्याच्या औषधांनी गुंगी येते. "एक गोळी घे आणि बस" असे परस्पर करू नये, डॉक्टरांना विचारावे. मोठ्या स्पर्धांत इतर खेळांप्रमाणे बुद्धिबळालाही उत्तेजक द्रव्यांचे नियम लागू असतात आणि सर्दीच्या काही औषधांतले घटक त्यांत मोडतात, हेही लक्षात असू द्यावे.

पाचवे, पंचांना घाबरू नये. खेळताना बरे वाटेनासे झाले तर घड्याळ थांबवून पंचांना बोलावण्याचा खेळाडूला हक्क आहे. हे आपल्या मुलांना कुणी सांगितलेलेच नसते. काही स्पर्धांत एखादी फेरी न खेळता अर्धा गुण घेण्याची सोय असते, पण ती आधी मागावी लागते. नियमपत्रक वाचावे, समजले नाही तर विचारावे. स्पर्धा सोडायची झाली तर पंचांना सांगून सोडावी, म्हणजे पुढच्या फेरीत समोरचे पोर रिकाम्या खुर्चीपुढे बसून राहत नाही.

आणि शेवटचे आम्हा आईबापांसाठी. मुलासाठी काय सोडले ते मुलाला ऐकवू नये. फी गेली, भाडे गेले, खाडा पडला, हे आपले आपण सोसावे. मुलाच्या कानावर तो आकडा गेला की ते पोर पटावर एकटे बसत नाही, तो आकडा मांडीवर घेऊन बसते.

दिवाळीनंतर पुन्हा एक स्पर्धा आली. फी भरली, आम्ही रजा टाकली. या वेळी घरात कुणापाशी बोललो नाही. आदल्या रात्री पोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "आई, घसा दुखतोय आणि अंगही दुखतंय." तिच्या आईने कपाळाला हात लावला आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही सकाळचा गजर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने अंथरुणातून पट मागितला. आम्ही म्हटले, आज नाही. ती म्हणाली, "खेळायचं नाही पप्पा, त्या दिवशी वजीर कुठे ठेवायला हवा होता तेवढंच बघायचंय." तेवढे बघितले. योग्य घर फक्त एक पाऊल अलीकडे होते.

फी बुडाली. आमच्या घरात तिचे नाव अजून कुणी काढलेले नाही.